माइकला ऐकू येणारा पंखा

२०२० साली शाळा बंद असताना एका शाळेसाठी मी घरीच प्रकाशाच्या अपवर्तनावरील पाठ चित्रित केला. मोबाइल टेबलावर आणि मी दोन मीटर दूर, फळ्यापाशी. नंतर ऐकले, तर पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे भोंगे ठळक, माझे शब्द पुसट! एका विद्यार्थ्याला 'आपतन' आणि 'अपवर्तन' यांतला फरकच कळला नाही. चित्रण करताना मला मात्र पंखा जाणवलाही नव्हता. असे का व्हावे?

दोन्ही कानांवर पडणाऱ्या ध्वनीतील सूक्ष्म फरकावरून आपला मेंदू आवाजाची दिशा ओळखतो आणि नको ते आवाज मागे सारतो. माइकला ही निवड साधत नाही. त्याच्या पडद्यावर जे आदळेल, ते सारे नोंदले जाते. म्हणून प्रश्न उरतो गुणोत्तराचा: शब्दांची तीव्रता गोंगाटाच्या किती पट?

येथे व्यस्त वर्गाचा नियम मदतीला येतो. माइक तोंडापासून एक मीटरवर होता, तो २५ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर चौथाई होते आणि थेट येणाऱ्या ध्वनीची तीव्रता १६ पट, म्हणजे सुमारे १२ डेसिबलने वाढते. छताचा पंखा मात्र जवळपास तेवढाच दूर राहतो! इअरफोनच्या वायरवरील माइक सदऱ्याला टाचला तरी हे साधते. तो तोंडासमोर मात्र नको. श्वासाचा झोत पडून फटफट आवाज येतो.

दुसरी अडचण निनादाची. भिंतींवरून परतणारा ध्वनी पुढच्या शब्दात मिसळतो. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात हाच दोष होता. १८९५ साली वॉलेस सबाइन यांनी तेथे खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि निनाद किती घटतो ते मोजले. आपल्या घरी गोधड्या, गाद्या, कपड्यांचे उघडे कपाट हेच काम करतात. पण गोधडी रस्त्यावरचा आवाज फारसा अडवत नाही. त्यासाठी खिडक्या लावून फटी बुजवायला हव्यात.

वर्गात हे करून पाहा. पंखा चालू ठेवून परस्परांशी संबंध नसलेले दहा शब्द दोन मीटर, एक मीटर आणि २५ सेंटिमीटर अंतरावरून ध्वनिमुद्रित करा. दर वेळी शब्द नवे घ्या. विद्यार्थ्यांना ऐकवून लिहायला सांगा. अचूक शब्दांची संख्या आणि अंतर यांचा आलेख काढा. पुढच्या पाठाच्या वेळी माइक कोठे ठेवायचा, हे तो आलेखच सांगेल.