नखाच्या मुळाशी दिसणारा रक्ताचा वेग

विदर्भातून कामधंद्यासाठी निगडी, चिखली, तळवडे भागात आलेली अनेक कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत. गाव मागे राहते. पण आईवडिलांकडून रक्तात आलेला सिकलसेल सोबत येतो. तो शरीरात काय करतो, हे समजायला सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, पाहाव्या लागतात.

केशवाहिनीची रुंदी साधारण ५ ते १० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची. त्यामुळे तिला अंग चोरून, एकामागे एक असे पुढे सरकावे लागते. निरोगी पेशी लवचिक असते, ती सहज निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी झाला की पेशी कडक होऊन विळ्यासारखी वाकते आणि वाट अडवते. हातपाय, पाठ, छातीत उठणाऱ्या असह्य कळा त्यातूनच येतात. ती करणी नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे.

हा प्रवाह सुई न टोचता पाहता येतो. बोटाच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब लावून, कॅमेरा जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने चित्रफीत घेतात. समजा, कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे टिपतो आणि एका चित्रातून पुढच्या चित्रात पेशी २० मायक्रॉन सरकली. मग २० गुणिले २५, म्हणजे सेकंदाला ५०० मायक्रॉन, अर्धा मिलिमीटर वेग झाला. थंडीने बोटातला प्रवाह मंदावतो, म्हणून रुग्णाला आधी उबदार खोलीत थोडा वेळ बसवतात.

ही पद्धत मुख्यतः संशोधनाची आहे. सिकलसेलचे निदान मात्र रक्त तपासूनच होते. आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार अधिक आढळतो. वाहक व्यक्ती बहुधा ठणठणीत असते, त्यामुळे तिला स्वतःलाही पत्ता नसतो. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे. तपासणीविषयी जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावे. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडी टाळावी. ताप, धाप किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

मंगल परिणयाची बोलणी करताना आपण पत्रिका पाहत नाही. रक्ताचा अहवाल मात्र दोन्हीकडचा जरूर पाहावा.