भिरभिरं आणि हेलिकॉप्टर

मी बी.ए. झालेला कवी. यंत्रांचं आणि माझं कधी जमलं नाही. पण माझा भाचा बुलडाण्यात वेल्डिंगचं काम करतो आणि रात्री दुकान बंद झालं की एकच माणूस बसेल अशा उडत्या यंत्राचे आराखडे काढतो. बहिणीने हे सांगितलं, तेव्हा मला आधी फुलसावंगी आठवली.

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. तिथला शेख इस्माईल आठवीनंतर शाळा सोडून वेल्डिंगकडे वळला. मारुती मोटारीचं इंजिन बसवून त्याने एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी चालू असताना शेपटीचा पंखा तुटला, तो वरच्या पंख्यावर आदळला आणि वरचं पातं इस्माईलच्या डोक्याला लागलं. वय अवघं २४.

"मामू, मी हेलिकॉप्टर नाही, ऑटोजायरो करतोय," भाचा म्हणाला. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन वरचा पंखा फिरवतं. मग धड उलट्या दिशेने फिरू पाहतं, ते रोखायला शेपटीचा पंखा लागतो. ऑटोजायरोत इंजिन यंत्राला फक्त पुढे नेतं. वरचा पंखा किंचित मागे कललेला असतो, खालून घुसणाऱ्या हवेने तो आपोआप फिरतो. सैलानीच्या यात्रेतलं भिरभिरं घेऊन पोर पळतं ना, तसं. शेपटीचा पंखा लागतच नाही. इंजिन बंद पडलं तरी वरचा फिरत राहतो आणि यंत्र हळूहळू खाली येतं. जागच्या जागी तरंगणं मात्र त्याला जमत नाही.

स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाचं असं यंत्र १९२३ मध्ये उडालं. त्याची आधीची यंत्रं कलंडत. पुढे येणाऱ्या पात्याला वारा जास्त, मागे जाणाऱ्याला कमी, म्हणून एक बाजू उचलली जाई. त्याने पात्याच्या बुडाशी बिजागरी बसवली, पातं वरखाली हलू लागलं आणि तोल साधला. दाराला असते तीच युक्ती! १९२८ मध्ये त्याने अशा यंत्रातून इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे अमेरिकेत इगोर बेन्सनने घरी बांधता येतील अशा एकआसनी यंत्रांचे आराखडे विकले.

पण सोपं म्हणजे निर्धोक नव्हे. उडताना नाक एकदम खाली दाबलं, तर पंख्याला खालून हवा मिळत नाही, तो मंदावतो, आणि मग सावरता येत नाही. यात अनेकांचे जीव गेले आहेत.

"पाती कशाची करणार?" मी विचारलं.

"कूलरच्या पत्र्याची."

त्या दिवशी मी त्याला फुलसावंगीची सगळी हकीकत सांगितली. आता तो पाती खांबावर बसवून, लांबून फिरवून पाहतो. दोन तुटली. खुर्ची अजून बसवलेली नाही.