पहिला नंबर सिंबाचा की बांबीचा?

एक सोपा प्रश्न विचारते. तुम्हाला सगळ्यांत आवडलेला कार्टूनचा पिक्चर कोणता?

सोपा वाटला ना? मग आता पहिल्यापासून सहाव्यापर्यंत नंबर लावा पाहू! आणि तेवढ्यावर थांबू नका. तोच क्रम शेजारी बसलेल्या भावाला किंवा बहिणीला मान्य करायला लावा. म्हणजे प्रश्न किती सोपा आहे ते कळेल.

आमच्या चौथीच्या वर्गात या एका प्रश्नावरून कित्येक आठवडे धुमश्चक्री चालू होती. एरवी एकाच डब्यात जेवणारे दोन पक्के मित्र चक्क वेगवेगळ्या रांगांत बसायला लागले! झालं असं, की वर्गात टीव्ही बसला. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. शेवटचे दोन तास मी पिक्चरला दिले. माझ्या भावाने जपून ठेवलेल्या डीव्हीडींमधून जुने, नावाजलेले सहा पिक्चर निवडले. बहुतेक इंग्रजी होते, म्हणून मी टीव्हीशेजारी उभी राहून गोष्ट मराठीत सांगायचे. सगळे बघून झाले की चिठ्ठ्या टाकून मतदान. अट एकच. नुसतं नाव लिहायचं नाही, खाली एका वाक्यात कारण लिहायचं.

पहिल्या शनिवारी ‘स्नो व्हाइट’ लावला. आपली हिमगौरी आणि तिचे सात बुटके! हा १९३७ सालचा पिक्चर. वॉल्ट डिस्ने यांनी तो करायला घेतला तेव्हा लोक हसले होते. कार्टून म्हणजे सात-आठ मिनिटांची गंमत. दीड तास चित्रं कोण बघत बसणार? पण पिक्चर धो धो चालला. पुढे १९३९ साली डिस्ने यांना त्यासाठी खास ऑस्कर मिळालं. एक नेहमीएवढी बाहुली आणि तिच्या शेजारी सात छोट्या छोट्या बाहुल्या! सात का, ते सांगायला नकोच.

हा जगातला पहिला मोठा कार्टूनपट असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही, बरं का. जर्मनीत लोटे रायनिगर नावाच्या बाईंनी काळ्या कागदाच्या बाहुल्या कात्रीने कापून, त्या मागून उजेड टाकलेल्या काचेवर ठेवून राजपुत्र अहमदची गोष्ट १९२६ सालीच पडद्यावर आणली होती. कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही चित्रं ओळखीची वाटतील. आणि आपले दादासाहेब फाळके? त्यांनी १९१५ साली साध्या आगकाड्या जराजराशा सरकवत एकेक चित्र टिपलं आणि ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला.

“पण बाई, चित्रं हलतात कशी?” हा प्रश्न आलाच. म्हटलं, करूनच बघू. प्रत्येकाने वहीच्या कोपऱ्यात चोवीस पानांवर उड्या मारणारा चेंडू काढला, प्रत्येक पानावर थोडा थोडा सरकवत. दोन तास गेले. मग सगळ्यांनी एकदम पानं फरफर सोडली. चेंडू उडाला, पडला आणि संपला! “बस, एवढंच?” वर्ग ओरडला. हो, एवढंच. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं सरकतात. मग फळ्यावर गणित मांडलं. एका मिनिटाला १,४४०. ‘स्नो व्हाइट’ ८३ मिनिटांचा, म्हणजे १,१९,५२०! पुष्कळदा एकच चित्र दोनदा टिपतात, तेवढी मेहनत वाचते. पण एका दृश्यात सात बुटके असले तर काढायचेही सातच की! एवढं होऊनही ‘स्नो व्हाइट’ला मतं फारशी पडली नाहीत. “ती नुसती झोपून राहते,” असं एकीचं म्हणणं. मला ते खोडून काढता आलं नाही.

‘डम्बो’ (१९४१) फक्त ६४ मिनिटांचा. आधीच्या दोन पिक्चरमध्ये डिस्ने यांचे पैसे अडकले होते, म्हणून हा स्वस्तात उरकला. पण कधी कधी घाईघाईत टाकलेली खिचडीच जास्त चविष्ट होते ना, तसं झालं. मोठ्या कानांचं हत्तीचं पिल्लू अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द बोलत नाही. त्याला चिडवणाऱ्या पोरावर त्याची आई चवताळते, म्हणून तिला पिसाळलेली ठरवून कोंडतात. गजांतून ती सोंड बाहेर काढते आणि पिल्लाला झोके देते, तेव्हा आमचा वर्ग चिडीचूप. एक गोष्ट मात्र मला टोचते. त्यातल्या कावळ्यांमध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांची टिंगल आहे. मी ते मुलांना सांगितलं, आणि माझ्या यादीत डम्बो खाली गेला.

तिसऱ्या शनिवारी ‘बांबी’. इथे बाईंनी घोळ घातला.

‘बांबी’ १९४२ चा. ऑस्ट्रियातले लेखक फेलिक्स झाल्टन यांच्या १९२३ च्या पुस्तकावरून केलेला. हरणाची पाडसं नीट काढता यावीत म्हणून स्टुडिओत खरी दोन पाडसं आणून ठेवली होती. त्यातलं जंगल बघा, प्रत्येक पान काढलेलंच नाही. धुकं, उजेड आणि दोन-चार फांद्या, तरी जंगल दाट वाटतं! चीनमध्ये जन्मलेले चित्रकार टायरस वाँग यांची ही करामत. जुन्या चिनी चित्रांवरून त्यांना ती सुचली. २०१६ साली १०६ वर्षांचे होऊन ते वारले.

तर गोष्ट अशी, की थंडी सरताना बांबी आणि त्याची आई कोवळं गवत खायला उघड्यावर येतात. आईला चाहूल लागते. ती त्याला पळायला सांगते. मागून बंदुकीचा आवाज येतो. आई परत येत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. आदल्या पावसाळ्यात तिची आई गेली. (तिला आणि तिच्या बाबांना विचारूनच हे लिहिते आहे.) गवत दिसलं आणि माझा हात रिमोटवर गेला. भर्रकन पिक्चर पुढे ढकलला, तो थेट वसंतात. पाखरं गात होती, फुलं फुलली होती. मी मनात म्हटलं, सुटलो!

कसलं सुटतोय? उरलेला सगळा वेळ वर्ग आईची वाट बघत होता. “बाई, बांबीची आई कुठंय?” “येईल, बघा पुढे,” मी म्हणाले. बांबीला शिंगं फुटली, जंगलाला वणवा लागला, तरी आई नाही. पिक्चर संपल्यावर एक पठ्ठ्या उठला आणि म्हणाला, “बाई, तुमची डीव्हीडी बिघडलीय. आईचा भागच नाही त्यात.”

तेव्हा तीच मुलगी शांतपणे म्हणाली, “बिघडली नाही. बाईंनी पुढे ढकललं. मी बघितलाय हा, मामाकडे. ती मरते.”

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मला काय बोलावं सुचेना. शाळा सुटल्यावर तिला विचारलं, पुढच्या शनिवारी पूर्ण लावू का? तू हवं तर ग्रंथालयात बस. ती म्हणाली, “लावा ना. मी बसेन.” त्या संध्याकाळी तिच्या बाबांशीही बोलले. त्यांनी हो म्हटलं.

चौथ्या शनिवारी ‘बांबी’ पुन्हा लावला, न कापता. गंमत बघा, ज्याला मी एवढी घाबरले ते पडद्यावर दिसतच नाही! आई पडलेली दिसत नाही, शिकारीही दिसत नाही. आवाज येतो, आणि मग नुसतं बर्फ. त्या बर्फात बांबी आईला हाका मारत फिरतो. शेवटी जंगलाचा थोर सांबर त्याच्यासमोर उभा राहतो. आई आता तुझ्याजवळ असू शकणार नाही, एवढंच तो सांगतो आणि त्याला घेऊन निघतो. लगेच पुढे वसंत येतो, पाखरांचं गाणं सुरू होतं. “एवढ्यात गाणं कसलं गातात!” मागच्या बाकावरचा एक जण चिडून म्हणाला. तो सर्वांत दंगेखोर मुलगा, बरं का. आणि त्याचं बरोबर होतं. ते गाणं मलाही घाईचंच वाटतं.

‘जंगल बुक’ (१९६७) म्हणजे नुसती धमाल. अस्वलाबरोबर वर्गही नाचला. रड्यार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मले, आणि त्यांच्या मोगलीचं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, आपल्या नागपूरहून फार लांब नाही. पण पिक्चरमध्ये चुका किती! माकडांचा राजा म्हणून ओरांगउटान दाखवलाय. तो भारतात नसतोच, बोर्निओ-सुमात्राकडे असतो. पुस्तकातला का नावाचा अजगर मोगलीचा मित्र आहे, इथे त्याला खलनायक करून टाकलं. वर्गाला त्याचं काही वाटलं नाही. “बाई, नाच बघा ना!”

हायाओ मियाझाकी यांचा ‘टोटोरो’ (१९८८) जपानी. पहिली वीस मिनिटं चुळबुळ चालली होती, “काही घडतच नाही.” खरंच त्यात दुष्ट असं कुणीच नाही. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी, नवं घर, आई दवाखान्यात. आई बरी होईल ना, ही भीती आणि झाडाखालचा भलामोठा केसाळ टोटोरो. मियाझाकींची स्वतःची आई कित्येक वर्षं आजारी होती, ते त्यात जाणवतं. धाकटी मेई आईला द्यायला मक्याचं कणीस छातीशी धरून एकटीच निघते, तेव्हा चुळबुळ थांबली. माझा पहिला नंबर इतकी वर्षं हाच होता. (मांजराची बस नंतर वर्गातल्या प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर आली, हे सांगायला नको.)

शेवटी ‘लायन किंग’ (१९९४). आता मी रिमोट टेबलावर ठेवून दिला होता. इथे बाप डोळ्यांदेखत जातो. सिंबा त्याला ढुसण्या देतो, उठवायला बघतो, मग त्याच्या पंजाखाली शिरून निजतो. आणि तेवढ्यात काका येऊन सांगतो, हे तुझ्यामुळे झालं, पळून जा!

मध्येच एकाने हात वर केला. “बाई, यात आपला एकही नाही?” बरोबर बोलला. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहन यांच्या साथीने ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स रामा’ केला, तो १९९३ चा. चित्रं जपानची, गोष्ट आपली. २०२५ च्या जानेवारीत तो चित्रपटगृहात पुन्हा लागला होता, वर्गातल्या एकाने आजीबरोबर बघितलाही होता. पण मतदानाचा दिवस ठरला होता. तो राहिलाच, माझी चूक.

मतदान झालं. सिंबा तीन मतांनी जिंकला! दुसरा मोगली, तिसरा टोटोरो. बांबीला चार मतं. कारणं मात्र वाचण्यासारखी होती. “सिंबा शेवटी परत येतो.” “मला टोटोरोच्या पोटावर झोपायचंय.” “मोगलीला शाळा नाही.” (हे कुणाचं, ते मी विचारलं नाही!)

चिठ्ठीवर नाव लिहायचं नव्हतं. पण चौथीच्या बाईंना अक्षर ओळखू येतंच. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, “बांबी. कारण सिंबाला काकाने खोटं सांगितलं आणि बांबीला खरं सांगितलं.” ती चिठ्ठी मी बराच वेळ हातात धरून बसले.

आता थोडं आईबाबांशी. एका पालकांनी मला विचारलं, मुलांना रडवणारे पिक्चर कशाला दाखवता, आमची घरी येऊन गप्पगप्प होती. प्रश्न योग्य आहे. पाच वर्षांच्या मुलाला मी ‘बांबी’ किंवा ‘लायन किंग’ दाखवणार नाही, ‘टोटोरो’पासून सुरुवात करीन. मोठ्यांना दाखवताना मात्र पिक्चर लावून स्वयंपाकघरात जाऊ नका. शेजारी बसा. मधूनमधून समजावत बसायचीही गरज नाही. संपल्यावर मुलं आपणच विचारतात, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी आंघोळ करताना. त्या गप्पगप्प मुलीने घरी तिसऱ्या दिवशी विचारलं म्हणे, “आई, तू माझ्यासाठी भांडशील का डम्बोच्या आईसारखी?”

ते दोन मित्र आता पुन्हा एका डब्यात जेवतात, पण निकाल एकालाही मान्य नाही. फेरमतमोजणीचा अर्ज माझ्या टेबलावर पडला आहे, खाली नऊ सह्या आहेत. राहिलेलं रामायण येत्या शनिवारी लावायचं ठरलंय. रिमोट आता वर्गप्रमुखाकडे असतो.