मुलाचे पुस्तक आणि दुकानाची वही

मुलगा किंवा मुलगी लिहिते, प्रकाशक मिळत नाही, मग पुस्तक स्वतःच छापायचे घरात ठरते. पैसे वडील देतात. यात गैर काहीच नाही. मात्र ते बिल दुकानाच्या खर्चात टाकण्याचा मोह व्यापारी बंधूंनी टाळावा.

समजा, छपाईला ४० हजार रुपये लागले. कापडाच्या धंद्याशी पुस्तकाचा संबंध नाही, म्हणून ही रक्कम नफ्यातून वजा होत नाही. बिलावरील जीएसटीचे क्रेडिटही मिळत नाही. रक्कम आपल्या उचल खात्यावर लिहावी, चेकने द्यावी आणि बिल मुलाच्या नावाने घ्यावे.

वडिलांनी मुलाला दिलेल्या बक्षिसावर कर नाही. जुना बक्षीस कर ऑक्टोबर १९९८ मध्येच बंद झाला. आईवडिलांनी दिलेली रक्कम मुलाचे उत्पन्नही धरली जात नाही. तसे साध्या कागदावर लिहून ठेवावे. पैसे उसने देणार असाल तर २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीने देऊ नयेत. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

आता विक्री. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. नफा मात्र लेखकाचे उत्पन्न आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न एरवी आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात. स्वतःच्या कौशल्याची कमाई त्यातून वगळली आहे. म्हणून विक्रीचे पैसे मुलाच्या बँक खात्यात जमा करावेत. दुकानाच्या गल्ल्यात गेलेली रक्कम मुलाची होती, हे नंतर पटवून देणे कठीण जाते.