तव्यावरचा काऊ आणि पुढचा व्हिडिओ

चिऊ-काऊच्या गोष्टीला आमच्या घरी दोन शेवट होते. आजी रंगात असली की पावसात भिजून आलेला काऊ तापल्या तव्यावर बसे आणि त्याचे बूड भाजे. आम्ही खिदळत असू. एकदा मात्र धाकटी बहीण रडवेली झाली, तेव्हा आजीने तिथल्या तिथे तवा चुलीवरून उतरवला आणि काऊला उबेला कोपरा दिला. लहान मुलांच्या व्हिडिओंचा विषय अभ्यासायला घेतला, तेव्हा हा उतरवलेला तवा मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

बालकथेला भय आणि क्रौर्य नवे नाही. नवी आहे ती सांगणाऱ्याची अनुपस्थिती.

२०१७ साली 'एल्सागेट' हा शब्द जगभर गाजला. एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग अशी ओळखीची पात्रे परवानगीवाचून उचलून कोणीतरी हिंसक, किळसवाणे व्हिडिओ बनवत होते. त्यांतल्या एकात पेपाचा दंतवैद्याकडे छळ होताना दिसे. शीर्षकात मुलांच्या आवडत्या शब्दांची रास, वर गोंडस चित्र. त्या नोव्हेंबरात ब्रिटिश लेखक जेम्स ब्रायडल यांनी यावर दीर्घ लेख लिहिला. असे काही व्हिडिओ खास मुलांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'यूट्यूब किड्स'मध्येही शिरल्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दाखवून दिले.

हे शिरतात कसे? शिफारस करणारी यंत्रणा शीर्षकातले शब्द, पाहण्याचा वेळ आणि आधी काय पाहिले, अशा खुणांवरून पुढचा व्हिडिओ निवडते. तीन वर्षांचे मूल तेच ते पुन्हा पाहते आणि नकोसे झाले तरी ते बंद करणे त्याला सुचतेच असे नाही. रमलेले डोळे आणि भीतीने खिळलेले डोळे, पाहण्याच्या मिनिटांत दोन्ही सारखेच मोजले जातात. आजीला जो फरक क्षणात कळला, तो या मोजमापात उतरत नाही.

कायद्याने काही साधले. मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण या दोन्हींचा रोख माहिती आणि जाहिरातींवर आहे. गोष्टीत तवा किती तापलेला असावा, हे त्यांतून ठरत नाही.

ते घरातच ठरवावे लागते. 'यूट्यूब किड्स'मध्ये पालकांनी स्वतः निवडलेलेच व्हिडिओ आणि चॅनेल दिसतील अशी सोय आहे. ती सुरू केली की शोधही बंद होतो. एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होणे बंद करता येते. मूल कानाला इअरफोन लावून कोपऱ्यात बसण्यापेक्षा बैठकीतल्या मोठ्या पडद्यावर, आवाज सर्वांना ऐकू येईल असे पाहू दे. आणि भलतेच काही दिसलेच, तर आधी मोबाइल हिसकावू नये. हिसकावला की मूल पुढच्या वेळी सांगत नाही. जवळ घेऊन 'काय दिसलं रे?' एवढेच विचारावे.

सेटिंग्ज दहा मिनिटांत बदलतात. त्या बदलून उठून जाऊ नये, शेजारी बसावे. पडद्याकडे थोडे कमी आणि मुलाच्या चेहऱ्याकडे थोडे जास्त पाहावे. आजी तेच करत असे. म्हणून तर तवा वेळेवर उतरला.