दहा अंकांत मावलेला जिल्हा

संपर्कसेवांची घडण : लेखांक सहावा

दूरध्वनी केंद्रात, म्हणजे एका भागातील सर्व तारा जेथे येऊन एकमेकींशी जोडल्या जातात त्या ठिकाणी, कॉल कसा जुळतो हे मागील लेखांकात पाहिले. परंतु देशभरातील असंख्य केंद्रांपैकी नेमके कोणते निवडायचे हे यंत्राला कळायचे, तर प्रत्येक जोडणीला दुसऱ्या कोणाचाही नसलेला क्रमांक हवा, आणि असे क्रमांक ठरवून देण्याच्या पद्धतीला क्रमांकन योजना म्हणतात. ट्रंक कॉलच्या काळात मार्ग जोडून देण्याचे काम ऑपरेटर करीत असे व कॉल बुक करून वाट पाहत बसावे लागे. १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान ग्राहकाने थेट डायल करण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात प्रथम सुरू झाली आणि ती जबाबदारी अंकांवर आली.

सोलापूरचा ०२१७ हा कोड या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यातील शून्य, कॉल बाहेरगावचा आहे, एवढेच स्थानिक केंद्राला सांगते. पुढचा २ हा अंक मुंबई (२२), पुणे (२०) व कोल्हापूर (२३१) यांच्याप्रमाणे सुरतलाही (२६१) मिळाला आहे, तर नागपूरचा कोड ७१२ आहे, म्हणजे ही विभागणी राज्यांच्या सीमा पाहून झालेली नाही. जिल्ह्याच्या आत मात्र ती तालुक्यांना धरून चालते: अक्कलकोट २१८१, करमाळा २१८२, माढा २१८३, बार्शी २१८४, माळशिरस २१८५, पंढरपूर २१८६, सांगोला २१८७, मंगळवेढा २१८८ आणि मोहोळ २१८९. सोलापूर शहराचा कोड तीन अंकी व तेथील दूरध्वनी क्रमांक सात अंकी, तर पंढरपूरचा कोड चार अंकी व क्रमांक सहा अंकी, अशी बेरीज दोन्हीकडे दहाच येते. मोठ्या शहराला आखूड कोड देण्याचे कारण हे की, स्थानिक क्रमांकात एक अंक वाढला की उपलब्ध क्रमांक दसपट होतात. आकारणीही कोडवरूनच ठरे: अंतर जितके अधिक, तितके मीटरचे युनिट लवकर पुढे सरके, आणि म्हणूनच एसटीडी बूथमध्ये बोलणाऱ्याची नजर मीटरवर खिळलेली असे.

मोबाइलने क्रमांकाचे गावाशी असलेले हे नाते संपवले. सोलापूरचा मोबाइल क्रमांक मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून होणाऱ्या परवानाक्षेत्रात मोडत असे. मात्र २०११ पासून कंपनी बदलूनही आणि २०१५ पासून परवानाक्षेत्र बदलूनही क्रमांक कायम ठेवता येऊ लागल्याने, तो आज कोणत्या कंपनीकडे आहे हे मध्यवर्ती नोंदींत पाहूनच कॉल पुढे पाठवावा लागतो. सोलापूरचा यंत्रमाग कामगार भिवंडीत गेला तरी घरचा कॉल त्याला मिळतो, कारण चालू असलेला फोन जवळच्या टॉवरमार्फत आपला ठावठिकाणा नेटवर्कला कळवत राहतो.

या सोयीमुळे क्रमांकांची गरज अफाट वाढली, आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला कॉल करताना आधी शून्य लावण्याचा नियम करून भविष्यासाठी सुमारे २५४ कोटी क्रमांक मोकळे करावे लागले. क्रमांक ग्राहकाच्या किंवा कंपनीच्या मालकीचा नसतो. तो मर्यादित अशा सार्वजनिक साठ्यातून वापरापुरता दिलेला असतो, आणि हा साठा काटकसरीने व न्यायाने वाटणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. ज्यांना १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक मालमत्ता ठरवले, त्या प्रसारणलहरींचा विचार पुढील लेखांकात करू.