तेरा दिवसांत दहा विजय

१९१७ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या एका बंगाली मुलाने आपली मोटरसायकल विकायला काढली. नजर कमजोर असल्याचे सांगून ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरने त्याला परत पाठवले होते. नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घ्यायचे, तर फीचे पैसे हवे होते. त्या तपासणीनंतर आधीचा निकाल फिरला आणि एप्रिलमध्ये इंद्रलाल रॉय वैमानिक होण्यासाठी भरती झाला.

जन्म कोलकात्याचा, २ डिसेंबर १८९८ चा. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. ऑक्टोबर १९१७ मध्ये तो ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये आला आणि ६ डिसेंबरला त्याचे विमान फ्रान्समध्ये कोसळले. बेशुद्ध इंद्रलालला मृत समजून शवागारात ठेवले गेले. शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार बडवले, असे सांगतात. जीव वाचला, पण वैद्यकीय तपासणीत तो पुन्हा अपात्र ठरला.

पुढचे काही महिने तो विमानांची रेखाचित्रे काढत राहिला आणि परत उडू देण्यासाठी वरिष्ठांच्या मागे लागला. त्याच्या कहाणीत नेहमी त्यानंतरच्या जुलैतले हवाई विजयच मोजले जातात. आम्हाला मात्र हे महिने तितकेच मोलाचे वाटतात. एकदा शवागार पाहून आलेल्या मुलाला घरी बसल्याबद्दल कोणी नावे ठेवली नसती!

जून १९१८ मध्ये तो ४० व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. आयरिश वैमानिक जॉर्ज मॅकेलरॉय त्याचा फ्लाइट कमांडर होता. एस.ई.५ए हे एका आसनाचे लढाऊ विमान घेऊन इंद्रलालने ६ जुलैला पहिला विजय मिळवला. ८ जुलैला काही तासांतच आणखी तीन. १९ जुलैपर्यंत एकूण दहा, त्यांतले दोन सहकाऱ्यांच्या साथीने. त्या काळी ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना पॅराशूट दिले जात नसे. विमानाने पेट घेतला, तर बाहेर पडायला वाट नव्हती.

२२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हँ गावावर जर्मन फोकर विमानांशी झुंजताना त्याचे विमान पेटून कोसळले. वय एकोणीस. मॅकेलरॉयही महिना संपायच्या आत गेला. सप्टेंबरमध्ये इंद्रलालला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान मिळवणारा तो पहिला भारतीय. भारताचे स्वतःचे हवाई दल १९३२ मध्ये उभे राहिले आणि त्याचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे इंद्रलालचे भाचे.

पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवणारे भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतले एक, श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईचे. जून १९१८ च्या अखेरीस त्यांनाही मरण आले. इंद्रलालची कबर उत्तर फ्रान्समधल्या एस्तव्हेल गावात आहे, वेलिणकरांची हँगार्डला. पॅरिस पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी एक दिवस या दोघांसाठी राखून ठेवावा.